वकीलसाहेबांचं लातूर

हिंगणघाटाहून दक्षिणेची गाडी धरली की वरोरा, भांदक, चांदा, बल्लारशा अशी स्टेशनं लागतात. बल्लारशा सुटलं की वर्धा नदीचा पूल येतो. १९४८ पर्यंत त्या पुलापलीकडं निजामाचं राज्य होतं. आमच्या जिल्ह्याला जिनं नाव दिलं तीच ही नदी. वर पुलगावापाशी ती ओलांडली की वऱ्हाड, आणि वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच होतं. इंग्रजांनी ते १८५३ मध्ये देण्यापोटी ताब्यात घेतलं आणि १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यानं स्वतःकडे ठेवलं. निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत ते त्यामुळेच. एवढं जवळ राहूनही त्या राज्याच्या आत काय चाललंय याची खबर वर्ध्याच्या माणसांना फारशी नसे. ‘तिकडं मोगलाई हाये बावा,’ एवढं बोललं की विषय मिटायचा.

आमच्या घरात तो मिटत नसे, कारण माझे आबा, म्हणजे आईचे वडील, लातूरचे. तिथल्या गंजात एका अडत दुकानावर ते दिवाणजी होते. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांनी आजीला आणि लेकरांना हिंगणघाटला, आजीच्या भावाकडे पाठवून दिलं. मामाआजोबा एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचे. स्वतः आबा त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आले आणि पुन्हा लातूरला राहायला गेले नाहीत. आजीचा प्रवास मात्र आमच्या घरात एखाद्या व्रतकथेसारखा सांगितला जाई. बार्शी लाइट रेल्वेची ती चिमुकली गाडी, कुर्डुवाडीला बदल, मग दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा. कुर्डुवाडीच्या फलाटावर लेकरांना दूध घ्यायला गेली तर दूधवाल्यानं तिचे पैसे परत केले. तिच्या बटव्यात सगळे हाली रुपये होते, निजामाचे. इकडं कलदार चालायचा. शंभर कलदाराला साधारण एकशे सोळा हाली असा तेव्हा भाव, पण फलाटावर भाव कोण करणार? शेवटी एका बाईनं आपल्या लेकरांबरोबर आमच्याही लेकरांना पाजलं. त्या लेकरांत माझी आई होती.

लहानपणी आम्ही आबांना रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या त्या सशस्त्र स्वयंसेवकांचं, विचारायचो ते तलवारींसाठी. जाळपोळ, घोडे, भाले, विहिरीत उड्या टाकणाऱ्या बाया, हे ऐकायला आम्ही आसुसलेले. ते सगळं घडलं होतंच. मराठवाड्यात खेडोपाडी त्याच्या खुणा आहेत. पण आबा तिकडं वळायचेच नाहीत. “तुम्ही शेवटचं विचारता,” म्हणायचे, “शेवटी काय, सगळीकडं सारखंच असतं. मला विचाराल तर मी पावतीपासून सांगीन.”

पावतीकडं येतोच, पण आधी ते गाव डोळ्यांपुढं यायला हवं.

लातूरला रेल्वे आली १९११ मध्ये, अरुंद रुळांची. त्यानंतर गाव फुगलं. गंज वसवला, मध्ये गोलाई बांधली. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात अशी ती गोल बाजारपेठ अजून आहे. कापूस, भुईमूग, तूर, ज्वारी सगळं तिथं यायचं. व्यापारात मारवाडी, गुजराती, लिंगायत वाणी आणि कच्छी मुसलमान. कच्छी व्यापारी तर चांगलेच गबर. सरकारी कचेऱ्यांत बहुतेक मुसलमान अधिकारी, उर्दू कारभार, उर्दू कोर्ट. आबांना उर्दू छान यायची. आमच्या घरी किराण्याची यादीसुद्धा ते कधी कधी त्या लिपीत करत आणि आजी वैतागायची. आणि मग होते गरीब मुसलमान: टांगेवाले, पिंजारी, विणकर, दुकानांचे राखणदार, मन्यार. अख्ख्या हैदराबाद संस्थानात मुसलमान शेकडा तेराच्या आसपास. राज्य त्यांचं असं म्हणायचं, पण टांगेवाल्याला त्यातला टांगाही पुरता स्वतःचा नसे.

या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी. ‘गश्ती निशान त्रेपन्न’ नावाचा हुकूमच होता. खाजगी शाळेला परवानगी, वाचनालयाकडं संशयानं बघणं, वर्तमानपत्र काढायचं तर त्याहून पंचाईत. स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये नीट जन्मायच्या आतच बेकायदा ठरली, ती बंदी उठली थेट १९४६ मध्ये. माझं मत विचाराल तर पुढच्या सगळ्या अनर्थाची मेख इथं आहे. राजकारणाला जागा दिली नाही म्हणून राजकारण थांबत नाही, ते धर्माच्या ओसरीवर जाऊन बसतं. एकीकडं आर्य समाज वाढला. उदगीरचे भाई श्यामलाल १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात वारले आणि त्या बातमीनं सगळा मुलूख पेटला. दुसरीकडं १९२७ मध्ये स्थापन झालेली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन. तिकडं धर्मांतराची मोहीम, इकडं शुद्धीची. दोन्ही बाजूंचे प्रचारक एकमेकांच्या जोरावर मोठे झाले.

मजलिसचे मोठे नेते बहादूर यार जंग. वक्तृत्व असं, की विरोधकही ऐकायला जात. त्यांनी एक विचार रुजवला, ‘अनल मलिक’, म्हणजे मीच राजा. निजाम ही फक्त खूण. सत्ता प्रत्येक मुसलमानाची. जहागीरदाराला हे ऐकून काही विशेष वाटलं नसेल, त्याला ते आधीच माहीत होतं. पण टांगेवाल्याला? पिंजाऱ्याच्या पोराला? आबा म्हणायचे, “त्याला कुणी आयुष्यात पहिल्यांदा राजा म्हणालं होतं. पोटाला देत नव्हते, पण राजा म्हणत होते.”

आजीला हेच वेगळ्या वाटेनं कळलं. तिच्याकडं बांगड्या भरायला एक मन्यारीण यायची. संक्रांतीच्या आधी हमखास, माजघरात बसून, चहा पिऊन, अर्ध्या गावाच्या बातम्या देऊन जायची. एका वर्षी आली नाही. आजीनं निरोप पाठवला, तर ती आली मागच्या दारानं आणि घाईनं. पोरगा मजलिसच्या रझाकारांत भरती झाला होता. आईनं आता दारोदार फिरायचं नाही असं त्यानं घरात सांगितलं होतं. राजाची आई टोपली घेऊन कशी हिंडेल? आजी म्हणायची, “बिचारीनं बांगड्या भरल्या, पण पैसे मोजून न घेताच गेली. घरात खायला तर त्या टोपलीचंच होतं.”

पुढं याच रझाकारांचे म्होरके झालेले सय्यद कासीम रझवी हे या लातूरचे वकील. शिक्षण अलिगढचं. आबांच्या बोलण्यात ते कायम ‘वकीलसाहेब’ असत, सगळं होऊन गेल्यावरही. आम्हाला याचा राग यायचा. ते म्हणत, “तेव्हा आम्ही तेच म्हणत होतो, आता काय बदलू?” मला वाटतं त्यांना आम्हाला हेच दाखवायचं होतं, की तो माणूस डोंगरातून उतरून आला नव्हता. गावच्या कोर्टात काळा कोट घालून उभा राहायचा, गावानं त्याला सलाम केला होता, अशिलांनी फी दिली होती.

आता पावती. पहिला चंदा मागायला आले ते चार सभ्य लोक, ओळखीचे. वाचनालय आणि पोरक्या मुलांची सोय असं कारण होतं. अशा कामाला गंजातली सगळीच दुकानं देत. गणपतीला देत, उरुसाला देत, गोशाळेला देत. अडतीच्या हिशेबात ‘धर्मादाय’ असं खातंच असतं. शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलेला पैसा त्यात जमतो आणि मालकाला पुण्य लागतं. आबांनी तो चंदा धर्मादायात लिहिला. पावती छान छापील होती.

दुसऱ्या खेपेला आकडा मोठा आणि कारण गावाची हिफाजत. कुणापासून, हे कुणी विचारलं नाही. मालक म्हणाले, धर्मादायात नको, किरकोळ खर्चात टाक. तिसऱ्या खेपेला पावतीच नव्हती. वर्दीतली तीन पोरं दुकानाच्या कठड्यावर बसली, एकानं शेंगांच्या पोत्यात हात घातला, सोलत सोलत बोलत राहिला. पैसे दिले. पण पावतीविना रक्कम वहीत दाखवायची कुठं? अडत्याकडं माल वाळतो, सांडतो, उंदीर खातात, त्याला ‘घट’ धरतात. आबांनी ते पैसे घटीत दाखवले. पुढं दोन वर्षं त्या दुकानात उंदरांनी फारच खाल्लं.

आबा हे हसत सांगत. मला हसू येईना. दुकानदाराची अक्कल म्हणून ती गोष्ट गोड आहे, पण वह्या कोणी तपासल्या असत्या तर लातुरात रझाकारांना पैसे मिळाल्याचा पुरावा सापडला नसता. सगळ्या गंजानं मिळून तो पुसून टाकला होता, आपल्याच अक्षरात.

दुसरी गोष्ट ठाण्याची. गोलाईतल्या एका कापडवाल्याकडून एका रझाकार पोरानं खाकी कापडाचा ठाण उचलला. पैसे नंतर म्हणाला. कापडवाला अमिनाकडं गेला. निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणत. अमीन म्हणाला, बसा, चहा घ्या. तक्रार लिहिली नाही. वर म्हणाला, तुम्ही त्यांच्या सालाराला का नाही भेटत, समजूतदार आहे. सालार म्हणजे रझाकारांचा गावचा म्होरक्या. कापडवाला भेटला. सालारानं पोराला सगळ्यांसमोर झापलं आणि अर्धे पैसे देववले. कापडवाला खूश! गंजात सांगत सुटला, की अमिनापेक्षा हा बरा, काम तरी करतो. पंधरा दिवसांत लोक उधारीची, भाडेकरूची, बांधाची भांडणं घेऊन सालाराकडं जायला लागले, त्यात हिंदूही होते. वरून कुठलाही हुकूम न निघता गावाचा अमीन बदलला होता.

याच्या मागंपुढंच कच्छी शेठचं प्रकरण झालं. आबांच्या मालकांचा त्याच्याशी मोठा व्यवहार. नमाजी माणूस, पण चंदेवाल्यांना त्यानं तोंडावर सांगितलं, की मशिदीला हवं तेवढं देईन, काठ्यांना दमडी देणार नाही. हिंदू अडत्यांनी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या आणि स्वतः गुपचूप पैसे दिले. मग शेठच्या दुकानावर बहिष्कार आला. हमाल माल उचलेनात. मशिदीत त्याला बाजूला बसवू लागले. ‘गद्दार’ हा शब्द त्याच्या दारावर कोळशानं लिहिला गेला. सहा महिन्यांत त्यानं चंदा दिला, इतरांपेक्षा दुप्पट. रझाकारांना सगळ्यात आधी वठणीवर आणावी लागली ती त्यांच्याच धर्मातली शहाणी माणसं, हे मला पुढं वाचनात पुन्हा पुन्हा दिसलं. १९४८ च्या उन्हा-पावसाळ्यात सात मुसलमान मान्यवरांनी, बहुतेक निवृत्त अधिकारी, भारताशी जुळवून घ्या असं जाहीर पत्रक काढलं. शोएबउल्ला खान या तरुण संपादकानं ते आपल्या ‘इमरोज’मध्ये छापलं, आणि ऑगस्टमध्ये एका रात्री घरी परतताना हैदराबादच्या रस्त्यावर त्याला गाठून मारलं. त्याचा हात तोडल्याचं सगळे सांगतात; ज्या हातानं लिहिलं तो.

जगात दुसरीकडं हे कसं झालं याचा शोध घेताना मला विल्यम शेरिडन ॲलन या अमेरिकी इतिहासकाराचं पुस्तक मिळालं. जर्मनीतल्या नॉर्टहाइम नावाच्या दहाएक हजार वस्तीच्या गावात नाझी कसे बसले, एवढंच त्यात आहे. १९६५ च्या पहिल्या आवृत्तीत त्यानं गावाचं नावसुद्धा बदललं होतं, माणसं जिवंत होती म्हणून. तिथं पक्षाचा पहिला आधार होता पुस्तकांच्या दुकानाचा मालक, सज्जन, सगळ्यांना हवाहवासा. तो आहे म्हणजे वाईट कसं असेल, असं गाव म्हणायचं. मी ते वाचताना दोनदा थांबून पुस्तकाचं मुखपृष्ठ बघितलं, लातूरचंच तर नाही ना. फरकही मोठा आहे, तो सांगायला हवा. नॉर्टहाइममध्ये मतं पडत होती. लातुरातल्या साध्या माणसाला मत देणं माहीतच नव्हतं. तिथं मतपेटीतून जे घडलं ते इथं चंद्यातून, चहातून आणि न लिहिलेल्या तक्रारीतून घडलं.

बहादूर यार जंग १९४४ मध्ये अकस्मात वारले. निजामाशीही वाकडं घेऊ शकणारा एकच माणूस मजलिसकडं होता, तो गेला. १९४६ च्या अखेरीस अध्यक्ष झाले लातूरचे वकीलसाहेब. आबा सांगत, त्या दिवशी गंजात पेढे वाटले गेले आणि हिंदू दुकानदारांनीही खाल्ले. काहींनी तर मनापासून. आपल्या गावचा माणूस राजधानीत मोठा झाला म्हणून! माणसाचं असं असतं.

मग १५ ऑगस्ट उजाडला. त्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसनं ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला आणि १५ ला तिच्या नेत्याला, स्वामी रामानंद तीर्थांना पकडलं. स्वामीजींची सुरुवात या लातूरच्या बाजूची. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिकवत, पुढं अंबाजोगाईला. आता लोकांनी शिंदीची झाडं तोडली, करोडगिरीचे नाके जाळले, वकील कोर्टातून उठले. ऑक्टोबरमध्ये निजामाचं शिष्टमंडळ दिल्लीला भारताशी करायच्या जैसे थे कराराचा मसुदा घेऊन निघणार होतं. २७ तारखेच्या पहाटे मजलिसच्या हजारोंच्या जमावानं त्या शिष्टमंडळातले निजामाचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या बंगल्यांना वेढा घातला. पोलिसांनी तो उठवला नाही. विमान गेलं नाही. छत्तारी राजीनामा देऊन मोकळे झाले आणि मीर लायक अली पंतप्रधान झाले. गंमत म्हणजे करार शेवटी २९ नोव्हेंबरला झाला तो जवळपास तसाच. म्हणजे मसुदा बदलायची कुणाला फारशी गरज नव्हती. दाखवायचं होतं ते हे, की हैदराबादेत विमान कोणाच्या मर्जीनं उडतं. ही बातमी लातुरात आली तेव्हा तो कापडवाला आबांच्या दुकानात बसला होता. आबा त्याला म्हणाले, “शेठ, निजामाचा पण ठाण गेला. आता जाऊन सालाराला भेटा म्हणावं.”

त्यानंतरचं वर्ष आबा भराभर सांगून टाकत, मीही तेच करतो. रझाकारांची संख्या दोन लाखांवर सांगितली जाऊ लागली. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषणं होऊ लागली. सरहद्दीवरची गावं जळाली, लोक बार्शी, सोलापूर, उमरखेडकडं पळाले. सरहद्दीबाहेरच्या छावण्यांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते बंदुका घेऊन आत येत, ठाणी आणि नाके उडवत. ते परत गेले की राग निघायचा तो आतल्या गावांवर. रझाकारांनी दलितांनाही ओढायचा प्रयत्न केला, काही पुढारी त्यांच्या बाजूला गेलेही. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच पत्रक काढून हैदराबादच्या अस्पृश्यांना बजावलं होतं, की निजामाची बाजू घेऊन आपल्या समाजाला काळिमा लावू नका. तरी गावोगावी राखणीला आणि पुढं धरून आणायला गरिबातलाच गरीब माणूस लागत होता.

आजीला आगगाडीत बसवून द्यायला स्टेशनापर्यंत कोण आलं? आबांबरोबर रस्त्यानं जायला एकही अडत्या तयार नव्हता. बायकापोरं बाहेर काढणं म्हणजे सरकारवर अविश्वास दाखवणं, असं धरलं जाई. कच्छी शेठ स्वतः टांग्यात पुढं बसला. दोन ठिकाणी अडवलं, दोन्ही ठिकाणी म्हणाला, आमच्या घरची माणसं आहेत. दुप्पट चंद्याची पावती त्याच्या खिशात होती, ती त्यानं दाखवली. आबा म्हणत, त्या चंद्याचा एवढा उपयोग मात्र झाला.

आजी हिंगणघाटला पोचली त्याच्या थोडं आधी, मार्चमध्ये, तिथून पंचवीस मैलांच्या आतच सेवाग्रामला एक मोठी बैठक झाली होती. गांधीजींची हत्या होऊन दीड महिना झाला होता. नेहरू, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद, कृपलानी, जयप्रकाश, कुमारप्पा, विनोबा सगळे आता पुढं काय म्हणून जमले होते. तिथं विनोबा जे बोलले त्याचा आशय मला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, की ज्या प्रांतात हे विष वाढलं तो माझा प्रांत आहे. मी जात सोडली असली तरी मारेकरी माझ्याच जातीचा होता हे मी विसरू शकत नाही. पवनारचा हा माणूस आपल्या घराकडं बोट दाखवत होता. लातुरात शेठनं तेच केलं होतं, पण त्याच्यामागं सेवाग्राम नव्हतं, हमालसुद्धा नव्हते. मामाआजोबांच्या जिनिंगमध्ये तेव्हा रोज रझाकारांवर चर्चा व्हायची आणि सगळे तावातावानं बोलायचे. विनोबांच्या त्या भाषणावर कुणी बोलल्याचं मामाआजोबांना आठवत नव्हतं. दूरच्या गावचे अतिरेकी आपल्याला फार लवकर ओळखू येतात.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर आणि इतर बाजूंनी आत शिरल्या. १७ ला संध्याकाळी सगळं संपलं. पाच दिवस. ज्यांच्या नावानं गावं थरकापत होती ते भाले आणि भरमार बंदुका घेऊन रणगाड्यांपुढं किती टिकणार? वकीलसाहेबांना १९ ला पकडलं. खटले चालले, शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटले, पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये कराचीत वारले. मराठवाड्यात १७ सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि व्हायलाच हवा. ज्यांनी तुरुंग भोगले, ज्यांची घरं जळाली, त्यांच्यासाठी तो सूर्योदयच होता.

पण आबांची गोष्ट १७ ला थांबत नाही, आणि म्हणूनच त्यांना कुणी भाषणाला बोलावत नसे. फौजा आल्यावर, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’नंतर, काय घडलं ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात पाठवलं. त्यांचा अहवाल तेव्हा प्रसिद्ध झाला नाही. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना मोकळा झाला. संस्थानात पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मारले गेलेले लोक, बहुतांश मुसलमान, कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार असा त्यांचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांना. काही ठिकाणी वर्दीतल्या माणसांनीही लुटीला हात लावला, काही ठिकाणी हिंदूंनी शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून लपवलं, दोन्ही त्यात लिहिलं आहे. आणि लातूर: कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांतले जेमतेम तीन हजार गावात उरले. हजारावर मारले गेले, बाकीचे नेसत्या कपड्यांनिशी पळाले.

मोठे सुटले होते, हे आबा आवर्जून सांगत. सालार १६ तारखेलाच गायब झाला. अमिनाची बदली झाली. सापडले ते टांगेवाले आणि पिंजारी. मन्यारणीचं काय झालं हे आजीनं आबांना पत्रातून दोनदा विचारलं. आबांनी दोन्ही वेळा उत्तरात हवापाण्याचं लिहिलं. शेठचं गोदाम तीन दिवस जळत होतं, आत सरकी होती. शेठला आबांच्या मालकांनी माडीवर ठेवून घेतलं, एवढं खरं. एका रात्री तो मुंबईच्या वाटेला लागला. मात्र गोदामातून आधी निघालेल्या गाठी गंजात कुणाकुणाच्या दुकानी गेल्या हे आबांना माहीत होतं, कारण अडतीच्या धंद्यात गाठीवरचा मार्का दिवाणजीला वाचता येतो. त्यातल्या काही जणांना पुढं स्वातंत्र्यसैनिकांच्या पंगतीत बसलेलं त्यांनी पाहिलं.

हे सगळं चालू असतानाच ऑक्टोबरात एका सकाळी दुकानावर चौघं आले. सभ्य, ओळखीचे, डोक्यावर कोऱ्या करकरीत पांढऱ्या टोप्या. त्यातला एक तोच कापडवाला. स्वागताची कमान उभारायची होती आणि गावाच्या संरक्षणासाठी पोरांचं पथक ठेवायचं होतं, त्यासाठी वर्गणी. गावाला आता कुणापासून संरक्षण हवं होतं, हे याही वेळी कुणी विचारलं नाही. मालकांनी रक्कम सांगितली. आबांनी वही उघडली आणि विचारलं, कशात लिहू?

“कशात म्हणजे?” मालक म्हणाले. “पहिली कशात लिहिली होतीस? त्यातच लिही.”

आबांनी धर्मादायात लिहिली, खाली तारीख घातली, आणि दिवाळीला नव्या वह्यांची पूजा व्हायच्या आत नोकरी सोडली.